कोणी विचारलं तर

१

हॅरो पॉइंटच्या वाचनालयात पुस्तक काढून टाकायचं ठरलं, तरी ते लगेच काढत नसत. आधी ते कपाटातच आडवं करायचं. वरच्या कडेला एक बोट लावून हलकेच कलतं करायचं आणि झोपवायचं. बाकीची ओळ उभी, मध्ये हे एकटंच पडलेलं. मग वाट बघायची. हिवाळा सरायच्या आत एखाद्या वाचकाने येऊन ते मागितलं, निदान काउंटरवर त्याची चौकशी केली, तर त्याचा जीव वाचला. नाहीतर बर्फ वितळलं की पहिल्या पानावर ‘रद्द’ असा शिक्का बसायचा आणि पुस्तक तळघरात जायचं. तळघरातून परत वर आलेलं पुस्तक कोणी पाहिलं नव्हतं.

हे काम हेल्मी कांगासचं. तिशी उलटायच्या आत ती ग्रंथपालाच्या खुर्चीत बसली आणि आता साठी गाठली, पण हात कधी कापला नाही. पुस्तकांवर प्रेम आहे म्हणणारे लोक तिला फारसे आवडत नसत. प्रेम आहे तर घेऊन जा की घरी, असं ती तोंडावर म्हणायची. वाचनालय म्हणजे अडगळीची खोली नव्हे, हे तिचं ठाम मत.

तिच्या वाटेत आडवा येणारा एकच माणूस होता, ओन्नी हेक्किला. ऐंशी उलटलेला, जन्मभर तलावावर मासे धरलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सकाळी वाचनालय उघडलं की तो येणार, खोली उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरशेजारच्या लाकडी खुर्चीत बसून वर्तमानपत्र संपवणार, आणि जाता जाता आडव्या पुस्तकांतली दोनचार गुपचूप उभी करून ठेवणार. तो गेला की हेल्मी ती पुन्हा आडवी करायची. एकदा तिने त्याला धरलंच.

“ओन्नी, हे मधमाश्यांचं पुस्तक हवंय का तुम्हाला?”

“मला? या वयात मधमाश्या पाळू होय? माझ्या घरी माशीसुद्धा फिरकत नाही.”

“मग उभं कशाला केलंत?”

“पडलं होतं बिचारं.”

“पडलं नव्हतं, मी ठेवलं होतं. आणि असला हात आम्ही हिशेबात धरत नाही. दया म्हणून लावलेला चालत नाही. माझा तर नाहीच चालत, मी इथलीच. ज्याला खरंच हवंय, त्याने आपणहून विचारायला पाहिजे.”

“आणि नाही विचारलं कोणी तर?”

“तर जागा होते. कपाट काही रबराचं नाही, ओन्नी. तुम्ही एक उभं केलंत की मला दुसरं आडवं करावं लागतं.”

ओन्नीने टोपी डोक्यावर चढवली. “म्हणजे माझी दया दुसऱ्याच्या मुळावर येते म्हण की. बरं बाई. पण तुझ्या त्या गाडीला तेल तरी घाल. किरकिर ऐकून मेलेलं माणूस उठून बसेल.”

पुस्तकं वाहायच्या ढकलगाडीचं एक चाक वाजायचं. दोनदा किर्र, मग एक ठोका चुकल्यासारखी शांतता, मग पुन्हा दोनदा किर्र. हेल्मीच्या कानांना त्याची इतकी सवय झाली होती की तेल घालायचं तिने कधी मनावर घेतलं नाही.

२

तिचा नवरा आर्वो शरद ऋतूपासून गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होता. पक्षाघाताने उजवी बाजू आणि वाचा दोन्ही एकदम गेल्या. जन्मभर त्याने बर्फ सारायचा नांगर चालवला. पहाटे गाव झोपेत असताना तो रस्ते मोकळे करायचा आणि शाळा, गिरणी, दवाखाना, चर्च, सगळं त्याने केलेल्या वाटेवरून सुरू व्हायचं. आता त्याची वाट कोणी धरत नव्हतं. सुरुवातीला लोक आले, वेलदोड्याचा पाव आणला, मोठ्या आवाजात चार शब्द बोलले. उत्तर येत नाही म्हटल्यावर बोलणं संपलं, आणि बोलणं संपलं की येणं संपतं. हेल्मीला याचा राग होता, पण राग करून माणसं येत नाहीत, हे तिला कळत होतं.

ती रोज संध्याकाळी जायची. आश्रमात प्रत्येक खोलीच्या दाराशेजारी भिंतीतून बाहेर आलेली एक छोटी फळी होती आणि तिच्यावर आत राहणाऱ्याचा तरुणपणीचा फोटो. म्हाताऱ्यांना आपली खोली ओळखू यावी म्हणून ही सोय. आर्वोच्या फोटोत तो नांगराच्या पायरीवर उभा राहून हसत होता.

डिसेंबरात एकदा कॉरिडॉरमधून जाताना तिला टॉल्ग्रेनबाईंचा फोटो पालथा पडलेला दिसला. ती पुढे गेली, थांबली, मागे आली. पडलेल्या फोटोची काच कुठेतरी सरकलेली असते, मागचा टेकू वाकडा झालेला असतो. हा फोटो नीट, फळीच्या कडेला समांतर, झोपवलेला होता. चौकटीच्या वरच्या कडेवर धूळ होती आणि धुळीत एका बोटाचा ठसा.

तिथे काम करणाऱ्या जोलीनला तिने सांगितलं. जोलीन चादरी बदलत होती. झाडणारीचा धक्का लागला असेल, म्हणाली. हेल्मीलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

आठवडा उलटला नाही तोच टॉल्ग्रेनबाईंच्या खोलीतली गादी उघडी पडली होती आणि दार वाऱ्याला सताड उघडं ठेवलं होतं. नव्वदीच्या बाई, कडाक्याचा हिवाळा. त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं.

३

मग पेल्कीचा फोटो आडवा झाला. पेल्की म्हणजे जुना खाणकामगार, त्याचं कोणी नव्हतं. हेल्मी त्या दिवशी आर्वोला सूप भरवत बसली होती आणि बाहेरून चाकाचा आवाज आला. दोनदा किर्र, मग शांतता, मग दोनदा किर्र.

आधी तिच्या लक्षातच आलं नाही. इतक्या वर्षांच्या सवयीचा आवाज, तो कानावरून ओघळून गेला. चमचा आर्वोच्या ओठांशी नेल्यावर तिला आठवलं की आपण वाचनालयात नाही. ती बाहेर आली. कॉरिडॉर रिकामा होता. औषधांची गाडी असेल म्हणून तिने जोलीनला विचारलं, तर जोलीनने गाडी पुढे ढकलून दाखवली. रबराची चाकं, आवाजाचं नाव नाही.

पेल्कीची आशा हेल्मीने सोडली होती. पण त्याच आठवड्यात ग्रीन बे शहरातून एक पुतण्या उगवला. चुलत्याने लहानपणी शिकवलेली गाठ त्याला आठवत नव्हती म्हणे, तेवढी विचारायला म्हणून इतक्या लांब गाडी हाणत आला. दोघं दुपारभर दोरी घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी पेल्कीचा फोटो उभा होता. आणि शेजारच्या राउटिओबाईंचा, ज्या काल खिडकीत बसून गाणं म्हणत होत्या, त्यांचा आडवा.

कॉरिडॉरच्या मधोमध हेल्मी थांबली. कपाट रबराचं नाही. हे वाक्य तिच्याच आवाजात तिच्या डोक्यात आलं. वेडी झालीस का, असं तिने स्वतःला दरडावलं आणि आर्वोच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. राउटिओबाई रविवारी गेल्या.

४

जानेवारीत एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, आर्वोचा फोटो आडवा होता.

तिने तो उभा केला. काच फळीवर वाजली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आडवा. पुन्हा उभा केला, फळीला चिकटपट्टीने जखडला. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी सरळ रेषेत कापलेली होती. जुन्या पुस्तकावरचं लेबल ती स्वतः कापायची, तशी नेमकी. माझा तर नाहीच चालत, मी इथलीच. बायको म्हणजे घरचीच. घरच्यांचा हात हिशेबात धरत नाहीत.

मग तिने फोटोच घरी नेला. फळी रिकामी राहिली. फोटोच नाही तर आडवं काय करणार, असा तिचा हिशेब होता, आणि त्या रात्री ती कित्येक दिवसांनी गाढ झोपली. दुसऱ्या संध्याकाळी ती खोलीत आली तर आर्वो भिंतीकडे तोंड करून, पलंगाच्या कडेला समांतर, कुशीवर झोपवलेला होता. त्याला स्वतःला कूस बदलता येत नव्हती. जोलीन शपथेवर सांगत होती की दुपारनंतर कोणी त्याला हात लावलेला नाही. हेल्मीने त्याला उताणं केलं. त्याचे डोळे टक्क उघडे होते आणि डोळ्यांत भीती होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस घाबरलेला तिने कधी पाहिला नव्हता. बर्फाच्या वादळात एकटा डोंगर चढून जाणारा माणूस.

ती धावत बाहेर गेली, गाडीतून फोटो आणला आणि फळीवर स्वतःच्या हाताने आडवा ठेवला. निदान फोटोच आडवा राहू दे, एवढंच तिला सुचलं. मग आर्वोचा हात धरून ती रडली. काय करू, आर्वो, काय करू मी, असं किती वेळ म्हणत राहिली कोण जाणे.

५

आता एकच उपाय होता. कोणीतरी आर्वोची चौकशी करायला हवी होती. बाहेरचं कोणीतरी, आपणहून.

पण आपणहून कर असं सांगायचं कसं? हेल्मीने सांगितलंच. चर्चनंतरच्या कॉफीला तिने एकेकाला गाठलं. जन्मात कोणापुढे हात न पसरलेली बाई, लोक गोंधळले. हो हो, येऊ की, थंडी जरा ओसरू दे, असं सगळे म्हणाले. पाद्री आले. ते सगळ्याच खोल्यांत जात, आर्वोच्याही खोलीत प्रार्थना म्हणून गेले. फोटो आडवाच राहिला. पाद्री एका अर्थी तिथलेच. आर्वोबरोबर नांगरावर असणारा डेल, त्याला तर तिने घरून उचलून आणला. तो बिचारा टोपी मांडीवर घेऊन बसला, हवामानावर बोलला, घड्याळाकडे बघत राहिला. तो गेल्यावर तिने बाहेर येऊन पाहिलं. आडवाच. दया म्हणून लावलेला हात चालत नाही, हा नियम तिने स्वतःच ओन्नीला ऐकवला होता, मोठ्या तोऱ्यात.

दिवस चालले होते. टॉल्ग्रेनबाईंना आठवडाही मिळाला नव्हता. आर्वोला जास्त का मिळतोय हे तिला कळत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. चाकाचा आवाज आता रोज यायचा, कधी कॉरिडॉरच्या टोकाला, कधी अगदी दाराशी. ती उठून बाहेर गेली की तो थांबलेला असायचा.

वाचनालयातलं तिचं लक्ष उडालं. ढकलगाडी कोपऱ्यात पडून होती. आडवं करायचं काम तिने सोडून दिलं, कारण पुस्तकाच्या वरच्या कडेला बोट लावलं की तिला आर्वोच्या दाराशेजारची फळी दिसायची. ओन्नी उभी करून जायचा ती पुस्तकं तशीच उभी राहायची.

६

ओन्नीच्या ते ध्यानात आलं. एक दिवस तो वर्तमानपत्र न उघडता सरळ काउंटरवर आला.

“हेल्मी, मधमाश्या तीन दिवस उभ्याच आहेत.”

ती परत आलेली पुस्तकं मोजत राहिली.

“आर्वो कसा आहे?” त्याने विचारलं.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. तिने काउंटरची कड घट्ट धरली.

“नाही, म्हणजे मला त्याच्याशी काम आहे,” ओन्नी म्हणाला. “पंचवीस वर्षं तो माझी रस्त्याकडेची टपालपेटी नांगराने उडवतोय. दर वसंतात येऊन मुकाट्याने बसवून द्यायचा. मागच्या वसंतात तेवढी राहून गेली. नवा पोरगा नांगर चालवतो त्याने उडवली तर मला राग येतो, आर्वोने उडवली तर येत नव्हता. कुठल्या खोलीत आहे तो?”

त्या संध्याकाळी आर्वोचा फोटो उभा होता.

हेल्मीने तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटले. सुटलो, असं ती मोठ्याने म्हणाली आणि जोलीनने वळून पाहिलं. आसपासच्या फळ्या बघायचं तिला सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं, पण तिने पाहिलं नाही.

ओन्नी मग दर गुरुवारी जाऊ लागला. आर्वोपुढे खुर्ची ओढून बसायचा आणि म्हणायचा, “काय रे चोरा, पेटी कधी बसवतोस?” आर्वोचा डावा गाल हलायचा. हसायचा तो. जोलीन म्हणाली की गुरुवार आला की आर्वोची नजर दारावरून हटत नाही. घशातून काहीतरी आवाज काढायला बघतो, डॉक्टर म्हणतात वाचा परत येईलही. हेल्मीने बाजारातून मांस भरलेल्या, करंजीसारख्या पास्ट्या आणल्या आणि ओन्नीच्या हातात कोंबल्या. ओन्नी म्हणाला, तू इतकी चांगली वागायला लागलीस तर मला तुझी भीती वाटायला लागेल.

७

मार्चमध्ये एका बुधवारी तिने वाचनालय उघडलं, तेव्हा रेडिएटरशेजारची लाकडी खुर्ची आडवी होती.

पाठीवर, भिंतीला समांतर, नीट झोपवलेली. झाडणाऱ्याचा धक्का, ती स्वतःशी म्हणाली. मग तिला दिसलं की खुर्चीच्या पाठीच्या वरच्या पट्टीवर धुळीत बोटाचा ठसा आहे. ओन्नी सकाळभर आला नाही.

त्याचं घर दोन गल्ल्या टाकून होतं. ती बाहेरची होती, त्याच्या नात्यागोत्याची नव्हती, आणि तिला खरोखर त्याची काळजी वाटत होती. जाऊन दार ठोठावलं असतं, ओन्नी बरे आहात ना, एवढं विचारलं असतं, तर ते नक्की धरलं गेलं असतं. तिने कोटाची एक बाही घातलीही. पण कपाट तेवढंच होतं. एक उभं केलं की दुसरं आडवं होतं आणि ते कुठलं होईल हे तिला कोणी सांगणार नव्हतं. तिने बाही काढली. कॉफी ठेवली. वाट बघणं हे तर तिचं कामच होतं.

अकराच्या सुमारास केल्सी आली, जुळ्यांना गोष्टीच्या तासाला आणणारी तरुण बाई. पोरांचे बूटमोजे काढता काढता तिने रेडिएटरकडे पाहिलं.

“मिसेस कांगास, ते आजोबा आज कसे—”

“कोण?” हेल्मीने तिचं बोलणं तोडलं.

“ते इथे बसतात ना, टोपीवाले.”

“तिथे कोणी बसत नाही. ती खुर्ची मोडकी आहे, तळघरात न्यायची आहे.”

केल्सी ओशाळली. मला वाटलं, असं काहीतरी पुटपुटली आणि पोरांना घेऊन आत गेली. हेल्मीने कोपऱ्यातली ढकलगाडी ओढली, खुर्ची तिच्यावर घातली आणि तळघराच्या दाराकडे निघाली. चाक दोनदा वाजलं, थांबलं, दोनदा वाजलं. तिला स्वतःची इतकी किळस आली की तळघराच्या पायऱ्यांवर तिला बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती दुपारीच आश्रमात गेली. आर्वोचा फोटो उभा होता. आर्वो उशीला टेकून बसला होता आणि दाराकडे बघत होता. ती खुर्चीत बसली, त्याचा हात हातात घेतला, बाहेर बर्फ वितळतंय असं सांगितलं. तो तिच्याकडे बघेना. त्याची नजर तिच्या खांद्यावरून दारावर जाऊन बसली होती. कोणाची तरी वेळ टळून गेली होती.

त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. ओठ गोल झाले. किती महिन्यांनी त्या तोंडातून आवाज येत होता, हेल्मी रोज देवाकडे तो आवाज मागत होती.

“ओ...” आर्वो म्हणाला. “ओन्...”

कॉरिडॉरमध्ये चाक दोनदा वाजलं आणि दाराशी येऊन थांबलं.

हेल्मीने वळून पाहिलं. अर्धवट उघड्या दारातून बाहेरच्या फळीचा कोपरा दिसत होता, फोटोची वरची कड दिसत होती, आणि त्या कडेवर एक बोट अलगद टेकलेलं होतं. त्याला काही घाई नव्हती. ते ऐकत होतं, नाव पुरं होण्याची वाट बघत.

“नको, आर्वो,” ती कुजबुजली. “नको विचारूस. कोणी नाही. कोणी येत नव्हतं.”

त्याने मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने पुन्हा श्वास भरून घेतला. ओठ पुन्हा गोल झाले, तेव्हा हेल्मीने आपला तळहात त्याच्या तोंडावर दाबून धरला. त्याची जीभ, त्याचा गरम श्वास, तो अर्धा शब्द, सगळं तिच्या तळहाताला लागत होतं. तिने हात काढला नाही.